पाव चेपतो, काय करू? दातेरी सुरीबद्दल तुमची पत्रं

गेल्या अंकात घरच्या पावाची कृती देताना शेवटी मी एकच ओळ लिहिली होती, "कापायला मात्र दातेरी सुरी घ्या." कृतीबद्दल तीन पत्रं आली आणि त्या एका ओळीबद्दल चौदा. म्हणून या महिन्याचं सदर पूर्णपणे सुरीला दिलंय. मिरजेत आम्ही दोघांनी २३ वर्षं बेकरी चालवली. भट्टीकडे ते बघायचे, काउंटर आणि कापाकापी माझ्याकडे. त्यामुळे या विषयावर मी मनापासून आणि जरा जास्तच बोलणार आहे.

"मुलगी घरी सावरडो (आंबवणावर फुगवलेला, कडक कवचाचा पाव) करते. पाव सुरेख होतो, पण कापताना वरून दबतो, खालची बाजू चेपते आणि फळीवर चुराच जास्त पडतो. दुकानात 'ब्रेड नाइफ' म्हणून दोनशे रुपयांपासून सहा हजारांपर्यंतच्या सुऱ्या दाखवल्या. मी गोंधळून परत आले. कुठली घेऊ?" (एक वाचक, नाशिक)

आधी मला सांगा, ओव्हनमधून काढल्यावर किती वेळाने कापता? घरभर वास सुटलेला असतो, मुलं भोवती उभी असतात, धीर धरवत नाही हे मला माहीत आहे. पण गरम पावाचा गर अजून ओला आणि चिकट असतो. पिठातला स्टार्च थंड होता होता घट्ट बसतो, आणि तो बसला की मगच गराला काप सोसतो. सावरडोला निदान दोन तास जाळीवर राहू द्या. त्याआधी कापलात तर सहा हजारांची सुरीसुद्धा गोळा लागूनच बाहेर येईल. निम्मी तक्रार इथेच मिटेल असं मला वाटतं.

आता उरलेली निम्मी. साध्या धारेची सुरी कडक कवचावर ठेवली की आपला सगळा जोर लांबलचक धारेवर पसरतो. कवच तुटत नाही, म्हणून आपण आणखी दाबतो, आणि आतला मऊ गर बसतो. दातेरी सुरीत तोच जोर मोजक्या टोकांवर येतो. टोकं कवचात शिरतात आणि मग दोन टोकांमधली खाच, जिला खरी धार असते, ती पुढचं काम करते. कोकणात भात कापायला वैभव विळा वापरतात, त्याच्या धारेला दाते असतात. साधा विळा पुन्हा पुन्हा दगडावर पाजवावा लागतो, दातेरी विळ्याला तेवढं करावं लागत नाही. सुरीचंही तसंच. फळीवर टेकतात ती फक्त टोकं. खाचेतली धार फळीला लागतच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते.

पण ही सुरी ओढायची असते, दाबायची नसते. आमच्या बेकरीत स्लायसर होता. त्यात चौकटीत ताणून बसवलेली दातेरी पाती असायची, एकमेकांपासून साधारण बोटभर अंतरावर, आणि ती खालीवर सरकत राहायची. पाव नुसता पुढे ढकलायचा. म्हणजे ते यंत्र तरी काय होतं, एकदम चालणाऱ्या वीस-पंचवीस ब्रेडच्या सुऱ्याच. पूर्ण पाव एका फटक्यात कापणारं असं यंत्र अमेरिकेत ओटो रोहवेडर यांनी बनवलं आणि ७ जुलै १९२८ रोजी मिसूरीतल्या चिलिकॉथी गावात त्यावर कापलेला पाव पहिल्यांदा विकायला आला. पुढे १९४३ च्या जानेवारीत, युद्धाच्या काटकसरीत, अमेरिकेने कापलेला पाव विकायला बंदी घातली आणि मार्चमध्ये ती उठवावी लागली. घरोघरी पाव हाताने कापायची सवय तोवर मोडली होती. आपल्याकडेही तेच झालंय. आपण पिशवीतल्या कापलेल्या ब्रेडवर वाढलो, म्हणून हाताला सुरी मागेपुढे लांब ओढायची सवय नाही. मुलीला सांगा, करवत चालवतो तशी पूर्ण लांबीभर ओढ, आणि वजन फक्त सुरीचं असू दे.

लांबीबद्दल मी हट्टी आहे. सावरडोचा गोल पाव आठ-नऊ इंच रुंद होतो. सुरी त्याच्याहून आखूड असली की टोक पावाच्या आतच अडकतं, मग आपण खुपसायला लागतो. तुमच्यासाठी २५ सेंटीमीटर, म्हणजे १० इंची पातं घ्या. टिनमधला चौकोनी ब्रेडच करत असाल तर २० सेंटीमीटर पुरे. पण माझा अनुभव असा की आठ इंची घेणारा दोन वर्षांनी दहा इंची घेतोच.

नंतर दाते बघा. इथेच बहुतेकांची फसगत होते. स्वस्त सुऱ्यांना कानशीसारखे बारीक बारीक दाते असतात आणि दुकानदार सांगतो, जितके जास्त तितकी धार. हे खरं नाही. बारीक दात्यांत गर अडकतो आणि सुरी कापण्याऐवजी कुरतडते. तुमच्या फळीवरचा चुरा तोच. प्रत्येक खाच साधारण करंगळीच्या नखाएवढी रुंद असावी, म्हणजे दहा इंची पात्यावर पंचवीस-तीस दाते. टोकं अणकुचीदार असतील तर कडक कवच चटकन धरतात, चुरा थोडा पडतो. काही सुऱ्यांना उलट लाट असते, गोलवा बाहेर आणि टोक आत. त्यांचा काप गुळगुळीत येतो, पण भाजून कडक झालेल्या कवचावर त्या घसरू शकतात. सावरडोसाठी मी अणकुचीदार टोकांचीच घेईन.

पातं हातात घेऊन अंगठ्याने हलकेच वाकवून पाहा. पत्र्यासारखं लवत असेल तर मोठ्या पावात ते भलतीकडे जाईल. फार जाडही नको, ते पाचरीसारखं काप फाडतं. पाठीला दीड-दोन मिलिमीटर ठीक. आणि मूठ धरून फळीवर कापण्याचा अभिनय करा, दुकानात लाजू नका. बोटांची पेरं फळीवर आपटतात का? आपटत असतील तर शेवटचा, तळाचा कडक थर कधीच नीट तुटणार नाही. म्हणून काही सुऱ्यांची मूठ पात्यापेक्षा वर उचललेली असते, काहींची धार किंचित बाहेर फुगलेली असते. दोन्ही चांगल्या.

मी सुरी घ्यायला जाते तेव्हा पिशवीत एक ब्रून, म्हणजे कडक कवचाचा पाव असतो. दुकानदाराला आधीच विचारते. ज्याला स्वतःच्या मालावर भरवसा आहे तो कापू देतो. माझी आत्ताची सुरी सतराशे रुपयांची आहे, प्लॅस्टिकच्या मुठीची, दिसायला अगदी साधी, आणि तिला नऊ वर्षं झाली. लाकडी मूठ, नक्षीदार पातं, मखमलीची पेटी यांचे पैसे द्यायचे तर हौस म्हणून द्या, पाव त्यामुळे वेगळा कापला जात नाही.

"आमच्या मडगावात पोदेर (पाववाला) रोज सकाळी पोई आणि उंडे हे गोव्याचे पाव देतो. घरात सावरडो नाही, केक नाही. मला एवढी मोठी सुरी खरंच लागेल का?" (एक वाचक, मडगाव)

नाही, अजिबात नाही. ज्याच्या दारात रोज ताजा उंडो येतो त्याला कुणी सल्ला द्यावा! लादी पाव हाताने सोडवायचा, पोई हाताने फाडायची. उंड्याचं कवच कडक असतं, त्याला चीर देऊन आत भाजी किंवा चोरीस (गोव्याचं सॉसेज) भरायचं असेल तर ११-१२ सेंटीमीटरची छोटी दातेरी सुरी घ्या. तिचं टोक गोल असतं आणि दाते लाटेसारखे. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीची टोमॅटोची सुरी म्हणून ती कुठेही मिळते, इतर कंपन्याही तशीच बनवतात. काही शे रुपयांत काम होतं आणि टोमॅटो, पिकलेला चिकू, लिंबू सगळ्याला ती चालते. टोमॅटोचं आणि पावाचं दुखणं एकच आहे, वरून चिवट, आतून मऊ.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. उंडो किंवा पाव तळहातावर धरून चीर देऊ नका. आपण सगळे तसंच करतो. वडापावच्या गाडीवरचा माणूस दिवसाला शेकडो पाव तसे चिरतो आणि त्याला काही होत नाही, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. १९९८ च्या गणपतीत काउंटरवर गर्दी होती, मी घाईत कडक पाव तळहातावर धरला, दाते कवचातून निसटले आणि अंगठ्याच्या बुडाशी शिरले. पाच टाके. साध्या सुरीची जखम सरळ असते, दातेरीची फाटलेली असते आणि भरायला वेळ लावते. मला दीड महिना कणीक मळता आली नाही. पाव फळीवर आडवा ठेवा, वरून तळवा सपाट टेकवा, बोटं वर उचललेली, आणि सुरी फळीला समांतर चालवा.

"मी डावखुरा आहे. नवी सुरी चांगल्या कंपनीची असूनही माझे काप वर जाड आणि खाली निमुळते होतात. बायको तीच सुरी वापरते तर असं होत नाही. दोष माझ्या हाताचा आहे का?" (एक वाचक, ठाणे)

हाताचा मुळीच नाही. सुरी उजेडात धरा, टोक समोर आणि धार खाली. दात्यांच्या खाचा बहुतेक फक्त उजव्या बाजूनेच घासलेल्या दिसतील, डावी बाजू सपाट असेल. बहुतेक ब्रेडच्या सुऱ्या अशा एकाच बाजूने घासतात. कापताना उतरती बाजू पावाला रेटते आणि पातं सपाट बाजूकडे, म्हणजे डावीकडे सरकत जातं. उजव्या हाताने कापणाऱ्याच्या डावीकडे पाव असतो, त्यामुळे त्याचा काप खाली थोडा जाड होतो आणि तो नकळत मनगट सावरतो. तुमच्या डावीकडे मात्र काप असतो. म्हणून तुमचा काप खाली निमुळता होतो, आणि उजव्यांसाठी लिहिलेल्या सूचना तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूने घासलेल्या सुऱ्या बनतात, पण दुकानात क्वचित दिसतात, मागवाव्या लागतात. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी घासलेली सुरी शोधणं. ती दोघांनाही चालेल. तोवर पात्याचा माथा काप पडतो त्या बाजूला, म्हणजे तुमच्या डावीकडे, अगदी जरासा कलता धरा, म्हणजे धार पावाच्या बाजूला राहील. दोन-चार पावांत हात बसेल. लहानपणी तुम्हाला कात्रीवरूनही बोलणी खावी लागली असतील. आमच्या धाकट्या नणंदेला लागायची.

"दहा वर्षं वापरलेली सुरी बोथट झाली म्हणून दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्याने चाकावर धरली आणि परत मिळाली तेव्हा दाते जवळजवळ गेलेले. आता ही सुरी फेकायची का? आणि अशा सुरीला धार लावायची तरी कशी?" (एक वाचक, कोल्हापूर)

तुमचं पत्र वाचून जीव हळहळला. त्या माणसाचाही दोष म्हणवत नाही. सायकलच्या चाकावर सहाण फिरवून तो आयुष्यभर सरळ धारच लावत आला. जिचे दाते घासले गेले ती सुरी आता लांब, पातळ, साधी सुरी आहे. फेकू नका. तिला पूर्ण सरळ धार लावून घ्या, ढोकळा, वड्या, पनीर, कलिंगड यांना ती छान चालेल.

मिरजेत आमची बेकरी होती त्याच्या मागच्या आळीत सतारीची दुकानं. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम सुरू केलं आणि गावाचं नाव झालं. त्या आळीतले एक वयस्कर कारागीर रोज संध्याकाळी आमच्याकडे बटर घ्यायला यायचे. एकदा मी सुरी चाकावर पाठवायला काढलेली त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "वैनी, दातांना चाक लावू नका. एकेक दात बोलावून घ्यावा लागतो." दुसऱ्या दिवशी ते कानशीचा एक गोल, टोकाकडे निमुळता तुकडा घेऊन आले आणि मला काउंटरच्या मागे बसवून शिकवलं. मी आजही तसंच करते, फक्त कानशीऐवजी आता सिरॅमिकचा निमुळता दांडा मिळतो, हिऱ्याची पूड लावलेलाही मिळतो.

सुरीची उतरती बाजू वर करा. दांडा पहिल्या खाचेत ठेवा, खाच जिथे नीट भरते तिथपर्यंत सरकवा. जो उतार कारखान्याने दिलाय तोच पकडायचा, नवा पाडायचा नाही. पाठीकडून धारेच्या दिशेने तीन-चार हलके हात, मग पुढची खाच. सपाट बाजूला बोट लावलंत तर बारीक खरखर लागेल. ती उलटून आलेली पोलादाची कड आहे. सगळ्या खाचा झाल्या की सपाट बाजूवरून दांडा अगदी आडवा, एकदाच फिरवा, खरखर जाते. मात्र सपाट बाजू घासत बसू नका, दाते झिजतात. दांडा नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात हजार नंबरचा वॉटर पेपर मिळतो, तो खाचेत बसेल अशा काडीवर किंवा पेन्सिलीवर घट्ट गुंडाळा. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पंचवीस-तीस खाचा म्हणजे अर्धा तास. दुपारी रेडिओ लावून बसावं असं हे काम आहे आणि मला ते फार आवडतं.

घरच्या वापरात हे तीन-चार वर्षांतून एकदा करावं लागतं. लवकर करावं लागत असेल तर फळी बघा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या बोर्डावर किंवा स्टीलच्या ताटात कापल्यावर पहिली टोकं जातात. आणि सुरी इतर चमच्यांबरोबर खणात टाकू नका. जाड पुठ्ठा दुमडून, चिकटपट्टी लावून तिला म्यान करा.

"केकचे थर कापायलाही हीच सुरी चालेल का?" (एक वाचक, सोलापूर)

चालेल, आणि उत्तम चालेल, फक्त केकच्या व्यासापेक्षा लांब हवी. अर्धा किलोचा केक सहसा ६ इंची टिनमध्ये होतो, त्याला १० इंची सुरी आरामात पुरते. केक पूर्ण गार करा, जमलं तर तासभर फ्रीजमध्ये ठेवा. आधी सगळीकडून अर्धा इंच खोल चीर घेत केक फिरवा, मग आत जा. सुरी एका पातळीत ठेवायची आणि केक फिरवायचा.

"काकू, मी स्टुटगार्टला शिकते. इथे राईचा (मोहरी नव्हे, राय नावाच्या धान्याचा) पाव खायला लागले आणि दातेरी सुरीशिवाय तो कापताच येत नाही हे कळलं. डिसेंबरमध्ये पुण्याला येताना आईसाठी एक न्यायची आहे. काय बघून घेऊ?" (एक वाचक, स्टुटगार्ट)

तू जिथे आहेस तिथे सुरीचं माहेरच आहे. पात्यावर 'सोलिंगेन' कोरलेलं बघ. ते गावाचं नाव आहे आणि त्याला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. बनवण्याचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्याच भागात झाले असतील तरच ते नाव सुरीवर घालता येतं. आपल्याकडे खोक्यावर 'जर्मन स्टील' किंवा 'जर्मन तंत्रज्ञान' छापलेलं दिसतं, त्याचा या नावाशी काही संबंध नाही.

पण आधी विचार कर, आई पुण्यात काय कापते? राईचा पाव नक्की नाही. तो दाट आणि चिकट असतो, म्हणून तर तिथले लोक तो भाजल्यावर एक दिवस ठेवून मग कापतात. त्याला लागणारी लांब, भारी सुरी आईच्या हाताला जड होईल. तिच्याकडे बेकरीचा न कापलेला ब्रेड, ब्रून, अननस, टोमॅटो, कधी केक असं असेल. तर २० सेंटीमीटरची, हलक्या मुठीची घे, आणि उरलेल्या पैशांत ती छोटी टोमॅटोची सुरीही घे. रोज हातात तीच राहील बघ. आईचं मनगट दुखत असेल तर उंच मुठीची शोध, खरंच फरक पडतो.

विमानात हातातल्या बॅगेत सुरी चालत नाही. पातं पुठ्ठ्यात, वर टॉवेल, आणि चेक-इनच्या बॅगेच्या मधोमध कपड्यांत. आणि घरी पोचलीस की सुरीबरोबर एक लाकडी फळीही घेऊन दे. पुण्यातच मिळेल, सागाची घे. नाहीतर आई ती सुरी पहिल्याच दिवशी ओट्यावर चालवेल.